चाहतेपण हा धर्म आहे का?

आवडत्या गायकावरची चाहत्याची निष्ठा ही धार्मिक श्रद्धेचाच एक प्रकार मानावी का, हा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. पण १९६६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्यावरून गाण्याच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या होत्या. निमित्त झाले 'बीटल्स' या इंग्लिश चमूतल्या जॉन लेननच्या एका वाक्याचे. लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये ४ मार्च १९६६ रोजी मॉरीन क्लीव्ह या पत्रकार बाईंनी त्याच्यावर लेख लिहिला. ख्रिस्ती धर्म ओसरत चालला आहे आणि सध्या तरी बीटल्स येशूपेक्षा जास्त लोकप्रिय आहेत, असे तो बोलण्याच्या ओघात म्हणून गेला होता. इंग्लंडमध्ये कोणी हूं की चूं केले नाही. जुलैअखेर 'डेटबुक' या अमेरिकेतल्या किशोरवयीनांच्या मासिकाने तेच वाक्य उचलून छापले आणि अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातील एका रेडिओ केंद्राने बीटल्सची गाणी लावणे बंद केले. पाठोपाठ इतर केंद्रांनी तोच कित्ता गिरवला. टेक्सासमधील लाँगव्ह्यूच्या केंद्राने १३ ऑगस्टला तबकड्या जाळण्याचा जाहीर कार्यक्रम केला. दुसऱ्याच दिवशी त्या केंद्राच्या मनोऱ्यावर वीज पडून प्रक्षेपण थांबले, अशी बातमी तेव्हा आली. प्रत्येक गोष्टीत दैवी संकेत शोधणाऱ्यांची त्या दिवशी मोठीच पंचाईत झाली असावी.

लेननने ११ ऑगस्टला शिकागोत पत्रकारांपुढे खुलासा केला, दिलगिरीही व्यक्त केली. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सनी कार्यक्रम केला आणि त्यानंतर तिकीट लावून रंगमंचावर येणे त्यांनी कायमचे सोडले. व्हॅटिकनच्या दैनिकाने हे बोलणे तरुणपणीची बढाई म्हणून सोडून दिले, पण त्यासाठी २००८ साल उजाडावे लागले.

लेनन लोकप्रियतेविषयी बोलला होता, म्हणजे मोजता येणाऱ्या गोष्टीविषयी. ऐकणाऱ्यांनी ते श्रेष्ठत्वाविषयी घेतले. चाहतेपण आणि धर्म यांच्या तुलनेत हीच गफलत पुन्हा पुन्हा होते. गर्दी, आरोळ्या, डोळ्यांतले पाणी, सोबत जपलेल्या वस्तू हे सगळे सारखे दिसते. म्हणून आतली श्रद्धाही सारखीच असणार असे गृहीत धरले जाते. बाहेरचा आचार आणि आतला विश्वास हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी निघतात.

आचाराच्या बाजूने पाहिले तर चाहतेपणाचा दावा भक्कम आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धर्माची जी व्याख्या केली, तिच्यात देव अनिवार्य नाही. नेहमीच्या व्यवहारापासून वेगळ्या काढलेल्या पवित्र गोष्टी, त्यांच्याशी जोडलेल्या समजुती व विधी, आणि त्यांमुळे एकत्र बांधला गेलेला समाज, एवढे असले की त्याच्या मते धर्म झाला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या मेळाव्यांची वर्णने वाचून त्याने सामूहिक उन्मेषाची कल्पना मांडली: एरवी विखुरलेली माणसे एकत्र जमली, एका ठेक्यावर हलू लागली की प्रत्येकाला आपल्याहून मोठ्या कशाचा तरी स्पर्श झाल्यासारखे वाटते, आणि ही शक्ती खुणेच्या वस्तूत आहे असे तो समजतो. जुलै २०२३ मध्ये सिअॅटलच्या स्टेडियमवर टेलर स्विफ्टचे लागोपाठ दोन कार्यक्रम झाले तेव्हा जवळच्या भूकंपमापकावर जमिनीची थरथर नोंदली गेली. तिची तुलना २.३ तीव्रतेच्या भूकंपाशी करण्यात आली. दुर्खीमला याहून चांगला पुरावा मागूनही मिळाला नसता.

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद भक्तीचे नऊ प्रकार सांगतो. ते चाहत्यांना लावून पाहिले तर जवळजवळ सगळेच बसतात. श्रवण तर मुळातच आहे. कीर्तन म्हणजे भेटेल त्याला आपल्या गायकाची थोरवी सांगणे. ते मोबाइलवर अहोरात्र चालू असते. स्मरणासाठी 'बीटीएस' या कोरियन चमूचे चाहते पाहावेत. गाण्याच्या मोकळ्या जागांत ते सातही सदस्यांची पूर्ण नावे ठरलेल्या क्रमाने एका सुरात घेतात. नवा चाहता ही नामावळी आधी पाठ करतो, मगच कार्यक्रमाला जातो. हातात उजळणारा दिवा असतो, तो ब्लूटूथने मंचावरच्या यंत्रणेशी जोडलेला असतो आणि गाण्यानुसार हजारो दिवे एकदम रंग बदलतात. अर्चनाची याहून शिस्तबद्ध तऱ्हा आरतीतही सापडणे कठीण. दास्यही आहे: जून २०२० मध्ये या चमूने अमेरिकेतील वर्णभेदविरोधी चळवळीला १० लाख डॉलर दिले, तेव्हा चाहत्यांनी साधारण दिवसभरात तेवढीच रक्कम आपापसात गोळा करून दिली. सातांपैकी एक आपला खास लाडका ठरवावा लागतो आणि इतर सहांचा मान ठेवूनही त्याच्याकडे थोडे जास्त झुकावे लागते. इष्टदेवतेची कल्पना ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

सख्य आणि आत्मनिवेदन या शेवटच्या दोन पायऱ्यांवर मात्र गाडी अडखळते. गायकाला चाहता एक एक म्हणून माहीत नसतो. देवालाही भक्त माहीत नाही असे नास्तिक म्हणेल, पण भक्त तसे मानत नाही. चाहता मात्र मनातून ते मान्य करून बसलेला असतो.

भागवतात आणखी एक वाट आहे, ती तर आजच्या चर्चांसाठीच लिहिल्यासारखी वाटते. कृष्णाला जन्मभर शिव्या देणारा शिशुपाल त्याच्यातच विलीन झाला, कारण द्वेषाने का होईना, त्याचे चित्त सतत कृष्णाकडे लागलेले होते, असे नारद युधिष्ठिराला समजावतो. एखाद्या गायिकेचे प्रत्येक नवे गाणे पहिल्या तासात ऐकून, त्यातल्या उणिवांची ओळ न ओळ यादी करून ती जगापुढे मांडणारे लोक असतात. ही विरोधभक्तीच. पुष्कळ चाहत्यांपेक्षा यांचे श्रवण अधिक नेमाने चालते.

ग्रंथार्थाची हौस हे धर्माशी असलेले आणखी एक साम्य, आणि त्याचा सर्वांत गमतीदार नमुना पुन्हा बीटल्सपाशीच सापडतो. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये आयोवातील ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात एक शंका छापली गेली: पॉल मॅकार्टनी जिवंत आहे का? १२ ऑक्टोबरला डेट्रॉइटच्या एका रेडिओ केंद्रावर कोणा श्रोत्याने फोन करून तीच गोष्ट काढली आणि दोनच दिवसांनी मिशिगन विद्यापीठाच्या 'मिशिगन डेली'त फ्रेड लाबोर या विद्यार्थ्याचा लेख आला. त्याला खरे तर 'ॲबी रोड' या नव्या अल्बमचे परीक्षण लिहायचे होते. त्याऐवजी त्याने पॉल अपघातात गेला आणि त्याच्या जागी तोतया आणून बसवला, असे पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवले. तोतयाचे नाव विल्यम कॅम्पबेल हेही त्यानेच ठेवले.

पुरावे असे. 'ॲबी रोड'च्या मुखपृष्ठावर चौघे रस्ता ओलांडत आहेत. पुढचा लेनन पांढऱ्या कपड्यांत, म्हणजे धर्मगुरू; मागचा रिंगो काळ्या सुटात, म्हणजे अंत्यसंस्कार करणारा; शेवटचा जॉर्ज साध्या जीन्समध्ये, म्हणजे कबर खणणारा. पॉल अनवाणी आहे आणि त्याची पावले इतरांशी जुळत नाहीत. तो डावखुरा, पण सिगारेट उजव्या हातात. मागे उभ्या फोक्सवॅगनच्या पाटीवरची अखेरची अक्षरे '२८ इफ' अशी वाचता येतात. म्हणजे जगला असता तर २८ वर्षांचा असता. अडचण एवढीच की पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा, तेव्हा अल्बम आला त्या वेळी तो २७ वर्षांचा झाला असता. वाचकांनी यावरही तोड काढली. मराठी घरात तर तोड काढण्याचीही गरज पडली नसती: सत्तावीस पूर्ण, अठ्ठाविसावे चालू, हिशेब चोख.

या वाचनाची पद्धत अस्सल मीमांसकाची आहे. कोणताही तपशील निरर्थक नाही, विसंगती दिसली तर ती ग्रंथाची चूक नसून वाचकाच्या समजुतीची उणीव, आणि प्रत्यक्षाने विरोध केला तर प्रत्यक्षाचाच अर्थ नव्याने लावायचा. नोव्हेंबरमध्ये 'लाइफ' मासिकाने स्कॉटलंडमधल्या शेतावर जाऊन हयात पॉलची छायाचित्रे आणि मुलाखत छापली. तेव्हा संशयवाद्यांचे म्हणणे, तोतयाची मुलाखत घेतली तर तो असेच बोलणार. कार्ल पॉपरच्या कसोटीने पाहिले तर जी समजूत कोणत्याच पुराव्याने खोटी ठरू शकत नाही, ती विज्ञानाच्या बाहेर पडते. इथे ती बाहेर पडून आरामात फिरत होती. ही हौस मावळलेली नाही, फक्त आता खुद्द कलावंतच तिला खतपाणी घालतात. टेलर स्विफ्टने २००६ च्या पहिल्या अल्बमच्या पुस्तिकेत गीतांमधली काही अक्षरे मुद्दाम मोठी छापून गुप्त संदेश पेरले आणि तेव्हापासून तिच्या पोशाखाचा रंग, नखांवरची नक्षी, १३ हा आकडा, सगळेच चाहत्यांच्या अभ्यासक्रमात आले.

फ्रेड लाबोरच्या कथेचा उरलेला भाग या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. अफवा देशभर पसरल्यावर दूरचित्रवाणीसाठी तिच्यावर एक लुटूपुटूचा खटला भरवला गेला. उलटतपासणीला एफ. ली बेली हे नामांकित वकील होते. चित्रीकरणाआधी लाबोरने त्यांना सांगून टाकले की यातले बरेचसे मी मनाने रचले आहे. बेलींचे म्हणणे पडले, तासाभराचा कार्यक्रम भरायचा आहे, तेव्हा निभावून न्या. निभावले गेले. लिहिणाऱ्याला ठाऊक होते, वकिलाला ठाऊक होते, आणि आणखी खुणा ऐकू येतील म्हणून रात्र रात्र जागून तबकड्या उलट्या फिरवणाऱ्या कितीतरी तरुणांनाही मनाच्या एका कोपऱ्यात ठाऊक होते. तरीही मजा आणि थरार दोन्ही खरे होते.

अशा मनःस्थितीला खोटेपणा म्हणता येत नाही आणि विश्वासही म्हणता येत नाही. नवव्या शतकातील काश्मिरी विचारवंत श्रीशंकुक याने नाट्याच्या संदर्भात तिचा विचार केला. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त त्याचे मत जतन झाले आहे. रंगमंचावरच्या नटाला पाहून 'हा राम' असे प्रेक्षक म्हणतो, तेव्हा त्याचे ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशयाचे नसते, आणि 'रामासारखा' असेही नसते. चित्रातल्या घोड्याला आपण घोडाच म्हणतो, त्या जातीचे ते असते. डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९३८ च्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाच्या अंगाने जवळपास याच ठिकाणी पोहोचणारा विचार मांडला. खेळाला आखलेली जागा असते, ठरलेली वेळ असते, त्या चौकटीत वेगळे नियम चालतात. खेळणाऱ्याला तो खेळ असल्याचे भान असते आणि तरी तो जीव तोडून खेळतो. पूजाविधीचा आकारही हाच, असे हाउझिंगाचे म्हणणे. त्याचे एक निरीक्षण तर कोणत्याही अंगणात पटेल: रडीचा डाव खेळणाऱ्याला मुले एक वेळ सांभाळून घेतात, पण 'हे सगळे खोटेच आहे' म्हणून खेळ मोडणाऱ्याला नाही.

आवडत्या गायकाला देव म्हणणे हे याच चौकटीतले बोलणे आहे. १९६० च्या दशकात लंडनच्या एका भिंतीवर एरिक क्लॅप्टन हा देव असल्याचे कोणी रंगवून ठेवले. वाचणाऱ्यांपैकी कोणी त्याच्याकडे पाऊस मागायला गेले नाही आणि गिटारवर त्याच्या तोडीचा कोणी नाही, हे म्हणणे मात्र पूर्ण गांभीर्याने घेतले गेले. चाहत्यांमधली भांडणेही याच जातीची. मुंबईत ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' हे नाटक झाले, त्यात केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. दोघांचेही पक्षपाती आपला गायक सरस ठरणार या खात्रीने आले आणि बहुधा तीच खात्री घेऊन परतले. डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये रसिकतेच्या निकषांवर निबंध लिहिला. त्याच्या मते पूर्वग्रह सोडलेले, सरावलेले जाणकार जिथे एकमताने पोहोचतात तोच निकष. पण वाद मिटावा अशी चाहत्यांची मुळात इच्छाच नसते. मिटला तर दुसऱ्या दिवशी बोलायचे काय?

खेळाचे भान सुटून कलावंत खरोखरच वेदीवर बसला, असे फार क्वचित घडले आहे. सर्वांत प्रामाणिक उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे. फ्रांझो किंग आणि त्यांची पत्नी मरिना यांनी १९६५ मध्ये तिथल्या एका जॅझ क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला ऐकले आणि तो अनुभव ध्वनीने झालेला बाप्तिस्मा होता, असे ते पुढे सांगत राहिले. १९६७ मध्ये कोल्ट्रेन वारला. त्यानंतर किंग दांपत्याभोवती जमलेल्या मंडळींनी त्याला साक्षात ईश्वरी अवतार मानून उपासना सुरू केली. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. हेरॉइनच्या विळख्यातून सुटताना १९५७ मध्ये आपल्याला आध्यात्मिक जाग आली, असे कोल्ट्रेनने स्वतःच 'अ लव्ह सुप्रीम' या अल्बमच्या वेष्टनावर लिहिले आहे. त्या अल्बमच्या शेवटच्या भागात तो आपलीच एक प्रार्थना शब्दामागून शब्द सॅक्सोफोनवर वाजवतो. गळ्याने एक अक्षरही उच्चारत नाही.

कोल्ट्रेनची पत्नी ॲलिस ही स्वतः थोर वादक. ती पुढे वेदान्ताकडे वळली, तुरीयसंगीतानंद हे नाव घेऊन तिने कॅलिफोर्नियात आश्रम चालवला आणि भजने ध्वनिमुद्रित केली. पतीच्या नावाचा परवानगीवाचून वापर होतो म्हणून तिने १९८१ मध्ये या मंडळीवर दावा लावला. देवाच्या नावाचे हक्क कोणाकडे, हा प्रश्न न्यायालयात जाण्याचे प्रसंग धर्मांच्या इतिहासात विरळाच. १९८२ मध्ये ही मंडळी आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामील झाली. त्या चर्चची अट साधी होती: देव एकच, तेव्हा कोल्ट्रेनला देव मानता येणार नाही, संत मानायला हरकत नाही. मंडळींनी ते स्वीकारले. ज्वाळा निघणारा सॅक्सोफोन हाती धरलेला, तेजोवलय असलेला संत जॉन त्यांच्या भिंतीवर रंगवला गेला आणि रविवारची प्रार्थना 'अ लव्ह सुप्रीम'च्या सुरांवर होऊ लागली. भक्ताने श्रद्धा खरोखर गंभीरपणे घेतली तेव्हा त्याला दैवताची पायरी एकाने उतरवावी लागली. भिंतीवर देव रंगवणाऱ्या क्लॅप्टनच्या चाहत्याला असला पेच कधी पडला नाही.

दैवताचे पाय मातीचे निघाले की हा हलकाफुलका प्रश्न जड होतो. अमेरिकी गायक आर. केली २०२१ मध्ये लैंगिक शोषणाशी संबंधित गुन्ह्यांत दोषी ठरला आणि २०२२ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या गाण्यांवर ज्यांची लग्ने लागली त्यांनी त्या गाण्यांचे काय करायचे? हा पेच ख्रिस्ती धर्माने सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत अनुभवला आहे. सम्राट डायोक्लिशनच्या छळाच्या काळात काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. अशा गुरूंनी दिलेला बाप्तिस्मा बाद, असे डोनेटसच्या अनुयायांचे म्हणणे. हिप्पोचा ऑगस्टीन याने विरुद्ध बाजू मांडली: संस्काराची शक्ती देणाऱ्या हातात नसते, ती ईश्वराची असते, म्हणून हात मळका असला तरी संस्कार शुद्धच. इ.स. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंच्या बिशपांची परिषद भरली आणि निकाल डोनेटसपंथीयांच्या विरोधात गेला.

'कलावंत वेगळा, कला वेगळी' असे म्हणणारा चाहता नकळत ऑगस्टीनच्या बाजूचा असतो. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, ही म्हणही त्याच पक्षाची. पण ऑगस्टीनचा युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. धर्मगुरू हा फक्त मध्यस्थ, संस्काराचा कर्ता दुसराच; गाण्याचा कर्ता मात्र गायकच. शिवाय गाणे ऐकले की कलावंताकडे किंवा त्याच्या वारसांकडे पैसे जातात, ही अडचण कार्थेजच्या बिशपांपुढे नव्हती. पैशाचा प्रश्न मिटला तरी सल उरते, हे रिचर्ड वॅग्नरच्या उदाहरणात दिसते. ज्यूंविरुद्ध विखारी लेखन करणारा हा संगीतकार १८८३ मध्ये वारला. तेल अवीवच्या वाद्यवृंदाने १९३८ मध्ये, जर्मनीतल्या ज्यूंवरील हल्ल्यांनंतर, त्याचे संगीत वाजवणे थांबवले, आणि हा अलिखित बहिष्कार पुढे इस्रायलमध्ये पाळला गेला. जुलै २००१ मध्ये जेरुसलेमला वाद्यवृंदाचे संचालक डॅनिएल बारेनबॉइम यांनी ठरलेला कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांना विचारले, वॅग्नर ऐकायचा आहे का? सुमारे अर्धा तास सभागृहात वाद झाला, काही जण संतापून निघून गेले, आणि मग तो वाजवला गेला.

धर्म आणि चाहतेपण यांच्यातला एक ठोस फरक इथे हाती लागतो. कार्थेजच्या परिषदेचा निकाल सम्राटाच्या अधिकाऱ्याने दिला आणि तो सगळ्यांवर बंधनकारक ठरला. चाहत्यांना ना परिषद, ना धर्मपीठ, ना बहिष्कृत करण्याचा अधिकार. म्हणून तोच वाद दर नव्या नावागणिक पहिल्यापासून सुरू होतो आणि कोणते गाणे यादीत ठेवायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागते.